नांगराने सोडलेल्या टेकड्या

डोंगर म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काळा कातळ उभा राहतो. कळसूबाई १६४६ मीटर उंच. त्या हिशेबाने अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला वीड पॅच हिल म्हणजे आपल्याकडची साधी टेकडीच. उंची १०५८ फूट, म्हणजे जेमतेम ३२२ मीटर. पण इंडियाना हा मक्याच्या सपाट शेतांचा मुलूख. तिथे एवढ्या उंचीचेही अप्रूप वाटते. या टेकडीभोवतीच्या जंगलात दरवर्षी लाखो माणसे येतात. कोणी चालायला, कोणी सायकल दामटायला, कोणी तंबू ठोकून दोन रात्री राहायला. ब्राउन काउंटी स्टेट पार्क असे त्या जागेचे नाव. आज या जंगलाची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट जंगलाची खरी, पण ती सुरू होते शेतापासून.

मी तिथे कसा पोहोचलो ते आधी सांगतो. या पार्कपासून अर्ध्या तासावर कोलंबस नावाचे गाव आहे. कमिन्स या इंजिने बनवणाऱ्या कंपनीचे ते मूळ गाव. याच कंपनीचा पुण्याशी संबंध १९६२ पासूनचा, किर्लोस्करांच्या भागीदारीत कोथरूडला कारखाना निघाला तेव्हापासूनचा. त्यामुळे कोलंबसच्या बाजारात मराठी कानावर पडली तर दचकायचे कारण नाही. माझा जावई तिथे नोकरीला आहे. ऑक्टोबरात लेकीकडे गेलो तेव्हा तिने आधीच ठरवून ठेवले होते, ‘‘अब्बा, पानं रंगलीत. शनिवार-रविवार पार्कातच राहायचं.’’ नऊ वर्षांच्या नातीची सायकल गाडीच्या मागे बांधली आणि आम्ही निघालो. वाटेत ‘नॉ बोन’ नावाचे गाव लागले. नॉ बोन म्हणजे हाडूक चघळ! गावाचे असे नाव ऐकून नात हसली. मला मात्र वाटले, या नावामागे कोणाची तरी भूक असली पाहिजे.

पार्कच्या उत्तर दरवाजाशी एक लाकडी पूल आहे, घरासारखे छप्पर असलेला. तो १८३८ साली दुसऱ्या एका ओढ्यावर बांधला होता. १९३२ मध्ये उचलून इथे आणून बसवला. दोन गाड्या शेजारून जाव्यात एवढा तो रुंद आहे. या पुलाखालून आत शिरले की दोन्ही बाजूंनी ओक, मॅपल, हिकरी यांची गर्दी सुरू होते. ऑक्टोबरात मॅपल लाल होतो, हिकरी हळदीसारखी पिवळी. सुमारे १६ हजार एकरांचा हा पसारा, इंडियानातले सर्वांत मोठे स्टेट पार्क. पाहणाऱ्याला वाटते, हे अरण्य सृष्टीच्या आरंभापासून असेच उभे असणार. पण इथल्या बहुतेक झाडांचे वय शंभरीच्या आसपासचे आहे.

आता हे स्टेट पार्क म्हणजे काय? अमेरिकेत राष्ट्रीय उद्याने केंद्र सरकारची असतात, यलोस्टोनसारखी. यलोस्टोन १८७२ चे. पण त्याच्याही आधी, १८६४ मध्ये, योसेमिटीची दरी केंद्राने कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केली होती, लोकांना फिरायला मोकळी राहावी म्हणून. तिथून राज्यांच्या उद्यानांची कल्पना रुजली. राष्ट्रीय उद्यानात आयुष्यात एकदा जायचे. स्टेट पार्कात शनिवारी डबा घेऊन जायचे, असा साधा फरक सांगता येईल.

इंडियानाचा उत्तर आणि मध्य भाग सपाट झाला तो हिमयुगातल्या बर्फाने. बर्फाच्या अजस्र थरांनी जमीन घासून काढली आणि मागे गाळाची सुपीक माती पसरली. दक्षिणेकडचा हा पट्टा त्या रेट्यातून बऱ्याच अंशी सुटला. इथल्या जुन्या पठाराला ओढ्यांनी चिरत चिरत टेकड्या आणि घळी घडवल्या. म्हणजे इथे देखणेपण आले, पण ती जाड, काळी माती आली नाही. टेकडीवर मातीचा पातळ थर आणि खाली ठिसूळ गाळाचा खडक. पुढचे सगळे रामायण या पातळ मातीचे आहे.

ही भूमी मायामी, डेलावेअर आणि इतर आदिवासी जमातींच्या वावरातली. १८०९ च्या फोर्ट वेनच्या तहात अमेरिकन सरकारने त्यांच्याकडून मोठा प्रदेश घेतला. त्या तहाची सीमारेषा ‘दहा वाजताची रेषा’ म्हणून ओळखली जाते. सकाळी दहाला भाल्याची सावली जिकडे पडेल तिकडे रेषा, असे ठरल्याची दंतकथा सांगतात. ती रेषा याच काउंटीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून जाते. उरलेला भाग १८१८ च्या सेंट मेरीजच्या तहाने गेला. मग केंटकी, टेनेसी, कॅरोलिना या डोंगराळ भागांतून गरीब गोरी कुटुंबे आली. सपाट, सुपीक जमीन महाग. टेकडीची जमीन स्वस्त. १८३६ मध्ये ब्राउन काउंटी नावाचा जिल्हा झाला. १८१२ च्या युद्धातल्या जेकब ब्राउन नावाच्या सेनापतीचे नाव त्याला दिले.

या लोकांनी झाडे तोडली. त्यांना दुष्ट ठरवण्यात अर्थ नाही. पोटाला मका हवा होता. ओकची लाकडे रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि पिंपांसाठी विकता येत होती. उतार मोकळा झाला की तिथे नांगर फिरायचा. पहिली काही वर्षे पीक बरे यायचे. मग पावसाचे पाणी नांगराच्या तासातून खाली धावू लागायचे आणि माती घेऊन जायचे. उतारावर घळ पडायची. ती जमीन सोडून शेतकरी पुढचा उतार तोडायचा. पाच-पंचवीस वर्षांत असे करता करता टेकड्या उघड्या पडल्या. ज्यांनी बालाघाटाचे किंवा माणदेशाचे माळ पाहिले आहेत त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको.

जनगणनेचे आकडे बोलके आहेत. १८९० मध्ये या काउंटीत सुमारे दहा हजार माणसे होती. १९३० मध्ये उरली पाच हजारांच्या थोडी वर. निम्मा जिल्हा उठून गेला! कोणी शहरातल्या कारखान्यात लागले, कोणी दुसऱ्याच्या शेतावर. युद्धाने नव्हे, साथीने नव्हे. माती गेली, तिच्यामागे माणसे गेली.

याच काळात बाहेरच्यांना मात्र या टेकड्यांची मोहिनी पडू लागली होती. १९०७ मध्ये टी. सी. स्टील हे नामवंत चित्रकार इथे राहायला आले. टेकडीच्या माथ्यावर त्यांनी घर बांधले आणि त्याला ‘गाणाऱ्या वाऱ्यांचे घर’ असे नाव दिले. त्यांच्यामागून इतर चित्रकार आले. कलावंतांची वसाहतच झाली. माथ्यावरून दूरदूरच्या निळसर टेकड्या दिसायच्या. त्या इतक्या मोकळ्या दिसायच्या याचे एक कारण मधली झाडे गेलेली होती, हे आहे. स्टील यांना मी दोष देत नाही. जे दिसले ते त्यांनी जीव ओतून रंगवले. पण एकाच उतारावर एकाला चित्र दिसत होते आणि दुसऱ्याला बुडालेला हंगाम दिसत होता, एवढे मला नोंदवावेसे वाटते.

दुसरा कलावंत होता किन हबर्ड. ‘इंडियानापोलिस न्यूज’ या वर्तमानपत्रात तो १९०४ पासून एक व्यंगचित्र काढायचा. त्यातले पात्र एब मार्टिन. ढगळ विजार, कुंपणाला टेकून उभा राहून गावठी भाषेत शहाणपणाचे टोमणे मारणारा माणूस. हबर्डने त्याला ब्राउन काउंटीत राहायला पाठवले आणि बघता बघता एब मार्टिन देशभरच्या वर्तमानपत्रांत गेला. लोक त्याला शोधायला म्हणून या टेकड्यांत येऊ लागले. हबर्ड १९३० च्या डिसेंबरात वारला. १९३२ मध्ये पार्कात अतिथिगृह उघडले, त्याला एब मार्टिनचे नाव दिले. आजही ते तिथे आहे. खरे शेतकरी उठून गेले आणि कागदावरच्या शेतकऱ्याला घर मिळाले! मी शब्दांचा माणूस आहे, म्हणून ही गोष्ट मला विशेष टोचते. आपण ज्यांच्याविषयी लिहितो त्यांच्यापेक्षा आपले लिहिणे जास्त दिवस टिकते, आणि टिकताना ते खऱ्या माणसाच्या जागेवर बसते.

आता या गोष्टीतला तिसरा माणूस, रिचर्ड लीबर. जन्म जर्मनीतला, १८६९ चा. १८९१ मध्ये तो इंडियानापोलिसला आला आणि तिथलाच झाला. १९१६ मध्ये इंडियाना राज्याला शंभर वर्षे पूर्ण होत होती. लीबर आणि त्याचे सहकारी म्हणाले, स्मारक म्हणून दगडी खांब उभारण्यापेक्षा जंगलाचे उरलेले तुकडे वाचवू या. मकॉर्मिक्स क्रीक आणि टर्की रन ही पहिली दोन उद्याने त्या वर्षी झाली. टर्की रनच्या लिलावात एका लाकूड कंपनीने वरची बोली लावून ते जंगल घेतले होते. उद्यानवाल्यांनी मागाहून जास्त पैसे मोजून ते सोडवले. लीबरचा एक हट्ट होता : उद्यान फुकट ठेवायचे नाही. आत येणाऱ्याने दहा सेंट द्यायचे. दहा सेंट देणाऱ्याला ती जागा आपली वाटेल आणि उद्यानाचा खर्चही निघेल, असे त्याचे गणित. लीबर आज ‘इंडियानाच्या उद्यानांचा जनक’ म्हणून ओळखला जातो.

टर्की रनला जुने अरण्य वाचवायचे होते. ब्राउन काउंटीत वाचवायला अरण्य नव्हतेच. १९२४ मध्ये राज्याने इथल्या झिजलेल्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली, त्या शिकारीच्या प्राण्यांच्या राखीव क्षेत्रासाठी. १९२९ मध्ये त्याला लागून स्टेट पार्क झाले. पुढे दोन्ही एकत्र आले. विकणाऱ्यांत ‘सुटलो बाबा’ म्हणणारेही असतील आणि आजोबांनी खणलेल्या विहिरीत शेवटचे डोकावून रडणारेही असतील. सरकारी दप्तरात मात्र दोघांची नोंद एकाच शाईने होते.

त्याच सुमारास अमेरिकेत महामंदी आली. कारखाने बंद, बँका बुडालेल्या. रूझवेल्ट मार्च १९३३ मध्ये अध्यक्ष झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस बेकार तरुणांना जंगल-जमिनीच्या कामावर घेणारा कायदा आला. ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ असे त्या दलाचे नाव. सुरुवातीला १८ ते २५ वयाची अविवाहित मुले घेत. महिना ३० डॉलर. त्यातले २५ डॉलर थेट घरी पाठवायचे. लष्कराच्या शिस्तीचे तळ, पोटभर जेवण, हाताला काम. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण या दलातून गेले. कायद्यात वंश, वर्ण, पंथ यांवरून भेद करू नये असे लिहिलेले होते. तरीही बहुतेक ठिकाणी काळ्या मुलांचे तळ वेगळे ठेवले गेले. हेही सांगितले पाहिजे.

या दलाची मुले ब्राउन काउंटीत आली. त्यांनी घळी बुजवल्या, उतारांवर माती धरणारी झाडे लावली. पाइन लावला, लोकस्ट लावला. पायवाटा काढल्या, ओगल नावाचा तलाव बांधला, दगड आणि तासलेल्या लाकडांचे निवारे उभे केले. ते निवारे अजून पावसात माणसांना आसरा देतात. आम्हीही एका निवाऱ्यात बसून भाकरी आणि लाल चटणी खाल्ली. त्या भिंतीवर हात ठेवला तेव्हा मला १९७२ आठवले. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा होतो. अम्मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर लाल मिलो. ती मिलो अमेरिकेतून यायची. त्या दुष्काळी कामांतून आपल्याकडे पाझर तलाव झाले, बांध झाले आणि पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. उपाशी हातांना मातीचे काम द्यायचे, म्हणजे हातही वाचतात आणि मातीही. ही साधी गोष्ट दोन देशांना दोन वेळा दुष्काळाने आणि मंदीने शिकवली.

जंगल परत आले, पण हिशेब इतका सरळ नसतो. इंडियानातली हरणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकारीने संपली होती. १९३४ पासून राज्याने ती बाहेरून आणून सोडली. पार्कात शिकारीला बंदी. लांडगा आणि पुमा केव्हाच नाहीसे झालेले. हरणे इतकी माजली की १९८० च्या दशकात जंगलाचा तळ त्यांनी खरवडून खाल्ला. रानफुले, झाडांची रोपे काही उरेना. शेवटी १९९३ मध्ये पार्कातच नियंत्रित शिकार करावी लागली. त्यावर मोठा वाद झाला. ज्यांनी हरणे वाचवली होती त्यांनाच ती मारायची परवानगी द्यावी लागली. जंगलाला एकदा हात लावला की पुन्हा तो काढून घेता येत नाही. निगा राखत राहावी लागते, पिढ्यान् पिढ्या.

तंबूच्या जागेवरही हे जाणवले. शेकोटीसाठी वाटेल तिथून लाकूड आणू नका, असे नियम आहेत. कारण एक हिरवा, चकचकीत, बोटाच्या पेराएवढाही नसलेला आशियाई भुंगेरा लाकडातून प्रवास करतो आणि ॲश जातीची झाडे मारतो. तो अमेरिकेत २००२ मध्ये सापडला, इंडियानात २००४ मध्ये. रात्री शेकोटीभोवती बसलो असताना एक रकून आमच्या डब्यावर डोळा ठेवून बसला होता. त्याला कसलेच नियम नव्हते.

आणि आता सायकल. दुसऱ्या दिवशी नात आणि तिचे बाबा डोंगरी सायकलींच्या वाटेवर गेले. मी पायवाटेने बाजूबाजूने चालत होतो. इथल्या सायकलवाटा आज सुमारे ५० किलोमीटर भरतात आणि देशभरातून लोक त्यासाठी येतात. २००० च्या दशकाच्या मध्यापासून सायकलप्रेमींच्या संघटनेने स्वयंसेवक लावून त्यातल्या बऱ्याच वाटा काढल्या. मी थांबून एक वाट नीट पाहिली आणि चकित झालो. वाट उतारावरून सरळ खाली जात नाही. ती टेकडीच्या अंगाने, समपातळीच्या जवळपास, वळसे घेत जाते. बाहेरच्या कडेला किंचित कललेली. थोड्या थोड्या अंतरावर तिला हलकी चढण दिलेली, म्हणजे पावसाचे पाणी वाटेवरून धावत सुटणार नाही, जागच्या जागी बाजूला उतरेल. वाट ओली असली किंवा बर्फ वितळत असला तर तिच्यावर सायकल घालायची नाही.

आपल्याकडे शेतकरी समपातळी चर खणतो त्यामागचा विचार हाच. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबवा. ज्या टेकड्या सरळ नांगरटीने धुऊन गेल्या त्याच टेकड्यांवर, शंभर वर्षांनी, खेळण्यासाठी काढलेल्या वाटेत तो धडा कोरलेला आहे. सायकलवर ओरडत, हसत जाणाऱ्या पोराला हे ठाऊक नसेल. पण त्याच्या चाकाखाली ठाऊक आहे.

‘हेझिटेशन पॉइंट’ या टोकावर मी बराच वेळ बसलो. नावाचा अर्थच घटकाभर थबकण्याचे ठिकाण. खाली झाडांचा रंगीत समुद्र. नात विचारत होती, ‘‘नाना, इथं पूर्वी कोण राहायचं?’’ मी तिला सांगितले ते असे : आधी मायामी आणि डेलावेअर लोक होते, त्यांच्याकडून जमीन घेतली. मग गरीब शेतकरी आले, त्यांच्याकडून माती गेली. मग बेकार मुलांनी झाडे लावली. आता आपण आलो आहोत. ती म्हणाली, ‘‘म्हणजे हे कोणाचं आहे?’’ मी म्हणालो, ‘‘सगळ्यांचं.’’ तिने पुढे विचारले, ‘‘त्यांचंपण?’’

हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. सार्वजनिक जागा ही माणसाने काढलेल्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. जिथे श्रीमंताचा फाटक नाही, तिकीट काढले की कोणीही मालक, अशा जागा जगात थोड्या आहेत. ब्राउन काउंटीतले जंगल झाले नसते तर त्या टेकड्या आणखी झिजल्या असत्या, हे उघड आहे. पण ‘सगळ्यांचे’ म्हणताना जे निघून गेले त्यांनाही मोजायला हवे. त्यांना मोजले म्हणजे जंगलाचा आनंद कमी होत नाही. उलट आपण कशावर उभे आहोत ते कळते.

तुमचे मुलगे-मुली अमेरिकेत असतील, आणि हल्ली घरटी कोणीतरी असतेच, तर त्यांच्याकडे गेल्यावर जवळचे स्टेट पार्क विचारा. मॉल सगळीकडे सारखाच असतो. पार्कात मात्र त्या मातीचा इतिहास असतो. रंगीत पाने जरूर पाहा, पण नजर थोडी खालीही असू द्या. पूर्वेकडच्या अशा जंगलांत एखादी सपाट जागा दिसेल, चुलाण्याचे असावेत असे चार दगड दिसतील, रानात न शोभणारी एखादी बागेतली वेल दिसेल. ओकच्या गर्दीत अधूनमधून सीडरची म्हातारी झाडे दिसतील. ती बहुधा सोडून दिलेल्या कुरणात आधी उगवतात आणि जंगल भोवती दाट झाले तरी काही काळ तग धरतात. तिथे क्षणभर थांबा. ते कोणाचे तरी अंगण होते.